पाठ ९ : खैर ओळखूया – चोआ चू कांगपासून चिपळूणपर्यंत

पातळी : मध्यम

वाचण्याआधी विचार करा

१. तुमच्या घराखाली, ब्लॉकच्या आसपास जी झाडं आहेत, त्यांतल्या किती झाडांची नावं तुम्हाला मराठीत सांगता येतील?
२. घरात गॅस नव्हता तेव्हा लोक स्वयंपाक कशावर करत होते?
३. विड्याच्या पानात काय काय घालतात? आठवेल तेवढं वहीत लिहा.

पाठ

समजा, तुमची आजी चिपळूणहून चोआ चू कांगला आली आहे. संध्याकाळी तुम्ही दोघं खाली फिरायला गेलात. आजीनं रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाकडे बोट दाखवून विचारलं, "हे कसलं रे झाड?" तुम्ही म्हणालात, "आजी, रेन ट्री." आजी थोडी जवळ गेली, पानं निरखून बघितली आणि म्हणाली, "पानं तर आमच्या खैरासारखी बारीक दिसतायत. पण काटे कुठायत? मग हा खैर नव्हे."

बघा हं, आजीनं काय केलं? तिनं नुसतं बघून "असेल काहीतरी" असं म्हटलं नाही. एक खूण जुळली, दुसरी जुळली नाही, म्हणून तिनं ते नाव बाजूला ठेवलं. झाड किंवा लाकूड ओळखायची खरी पद्धत हीच आहे. एका खुणेवर कधी विसंबायचं नाही.

आज आपण खैर ओळखायला शिकणार आहोत. खैरच का? कारण या झाडाची गोष्ट कोकणात सुरू होते, आणि तिचं दुसरं टोक थेट चोआ चू कांगमध्ये निघतं. कसं, ते पुढे कळेलच.

खैर कसा ओळखायचा?

खैर हे मध्यम उंचीचं, पानगळीचं झाड. महाराष्ट्रात कोकणात, सह्याद्रीच्या उतारांवर आणि इतरही कोरड्या जंगलांत ते आढळतं. त्याच्या पाच खुणा लक्षात ठेवा.

पहिली खूण – काटे. खैराचे काटे आखूड आणि वाकडे असतात, मांजराच्या नखांसारखे. ते जोडीनं येतात आणि पानाच्या देठाच्या बुडाशी असतात. बाभळीचे काटेही जोडीनंच येतात, पण ते लांब, सरळ आणि पांढरट असतात. शमीचे काटे लहान असतात आणि फांदीवर कुठेही विखुरलेले दिसतात. म्हणजे नुसतं "काटे आहेत" हे पुरेसं नाही. काटे कसे आहेत आणि कुठे आहेत, तेही बघायला हवं.

दुसरी खूण – साल. खैराची साल गडद, करड्या-तपकिरी रंगाची आणि खडबडीत असते. ती लांबट पट्ट्यांनी सुटते. आत तांबूस रंग दिसतो.

तिसरी खूण – पान. एका मोठ्या पानाच्या दांड्यावर अनेक छोट्या दांड्या, आणि प्रत्येक छोट्या दांडीवर अगदी बारीक पर्णिकांच्या पुष्कळ जोड्या. लांबून बघितलं तर पिसासारखं वाटतं. रेन ट्रीचं पानही असंच दुहेरी विभागलेलं असतं, पण त्याच्या पर्णिका बऱ्याच मोठ्या असतात, आणि त्याला काटे तर मुळीच नसतात.

चौथी खूण – फूल आणि शेंग. बाभळीची फुलं म्हणजे पिवळे गोल गोंडे. खैराची फुलं तशी गोल नसतात. ती फिकट पिवळ्या लांबट तुऱ्यांत येतात. शेंगा चपट्या, पातळ, वाळल्यावर तपकिरी. बाभळीची शेंग मात्र मण्यांच्या माळेसारखी, मध्ये मध्ये आवळलेली असते.

पाचवी खूण – लाकूड. ही सगळ्यात महत्त्वाची, कारण तोडलेल्या ओंडक्याला पानं नसतात, फुलं नसतात. मग ओळखायचं कसं? ओंडक्याचं कापलेलं टोक बघा. बाहेरच्या कडेला फिकट, पिवळट पांढरा पट्टा दिसतो. आतला गाभा मात्र गडद तांबडा असतो. हातात घेतलं तर तुकडा अपेक्षेपेक्षा जड लागतो. खैराचं लाकूड जवळजवळ पाण्याइतकं जड आणि फार कठीण असतं. त्याला वाळवी सहसा लागत नाही.

सरपण म्हणून खैर

'सरपण' हा शब्द तुम्ही कदाचित ऐकला नसेल. सरपण म्हणजे चुलीत घालायचं लाकूड. त्यालाच 'जळण' किंवा 'लाकूडफाटा' असंही म्हणतात.

सगळी लाकडं सारखी जळत नाहीत. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड भुर्रकन जळतं आणि संपतं. जड, कठीण लाकूड उशिरा पेटतं, पण पेटल्यावर बराच वेळ टिकतं आणि त्याचा निखाराही कडक पडतो. खैर या दुसऱ्या जातीचा. त्याचा कोळसाही उत्तम होतो. मात्र लाकूड कुठलंही असो, ते वाळलेलं हवं. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उडवण्यात उष्णता घालवतं. मग स्वयंपाकघरात धूर होतो आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी येतं. म्हणून पूर्वी पावसाळ्याआधीच सरपण फोडून, वाळवून, रचून ठेवत असत.

खैराचा निखारा किती कडक, हे मराठी भाषेनं एका शब्दात जपून ठेवलंय. तो शब्द म्हणजे 'खदिरांगार'. खदिर म्हणजे खैर, आणि अंगार म्हणजे निखारा. एखादा माणूस फार रागावला की गोष्टींमध्ये लिहितात, "त्याचे डोळे खदिरांगारासारखे लाल झाले." ज्यानं हा शब्द पहिल्यांदा वापरला असेल, त्याला कुठल्या लाकडाचा निखारा जास्त लाल असतो हे नक्की ठाऊक असणार!

सरपणापलीकडचा खैर

एवढं चांगलं लाकूड नुसतं जाळून टाकायचं, हे कुणालाही पटणार नाही. म्हणून खैराचं लाकूड घराच्या खांबांना, शेतीच्या अवजारांना, मुसळाला वापरत आले. होमहवनात नऊ ग्रहांसाठी वेगवेगळ्या समिधा असतात, त्यांत मंगळाची समिधा खैराची. आयुर्वेदातल्या खदिरादि वटीच्या नावातही खैरच आहे.

पण खैराची सगळ्यात मोठी ओळख म्हणजे कात. हो, विड्याच्या पानात घालतात तोच तपकिरी कात! तो कुठल्याही खाणीतून येत नाही, की कुठल्या फळातूनही येत नाही. तो खैराच्या लाकडातून येतो.

कात कसा काढतात ते बघा. आधी खैराचा बाहेरचा फिकट भाग तासून टाकतात. आतल्या तांबड्या गाभ्याच्या लहान लहान ढलप्या करतात. त्या पाण्यात तासन् तास उकळतात. लाकडातला अर्क पाण्यात उतरतो. ते पाणी गाळून पुन्हा आटवतात. दाट झालेला अर्क थंड झाला की घट्ट होतो. मग त्याच्या वड्या पाडून वाळवतात. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातल्या सावर्डे परिसरात हा व्यवसाय आजही चालतो.

कातात 'कॅटेचिन' नावाचं द्रव्य असतं. गंमत म्हणजे ग्रीन टीच्या डब्यावर आपण हेच नाव वाचतो. ते चहात असतं हे खरं, पण त्याला नाव मिळालं ते काताच्या परदेशी नावावरून, 'कॅटेच्यू'वरून. कात फक्त पानात घालत नसत. त्यानं कापड रंगवत, चामडं कमावत. मासेमारीची जाळी आणि जहाजांची शिडं खाऱ्या पाण्यात लवकर कुजू नयेत म्हणून ती काताच्या पाण्यात बुडवत. नायलॉनची जाळी आल्यावर ते काम संपलं.

(एक सूचना : पाठात विड्याचा उल्लेख आहे म्हणून तो खाऊन बघायचा नाही. सुपारीमुळे तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, हे आता सिद्ध झालेलं आहे.)

आता येऊ चोआ चू कांगला

तुम्ही म्हणाल, "हे सगळं कोकणातलं झालं. आमच्याकडे तर खैराचं जंगल नाही!" बरोबर आहे. पण तुमच्या गावाच्या नावाकडे बघा. तेओच्यू भाषेत 'चू' म्हणजे घर किंवा वस्ती, आणि 'कांग' म्हणजे नदी. 'चोआ' हे तिथल्या मूळ वस्तीच्या प्रमुख कुळाचं नाव. म्हणजे चोआ चू कांग म्हणजे 'चोआ कुळाची नदीकाठची वस्ती'. लिम चू कांग आणि यिओ चू कांग ही नावंही अशीच तयार झाली.

या वस्त्या कशासाठी झाल्या? मिरी आणि गंबीर पिकवण्यासाठी. गंबीर ही कॉफीच्या कुळातली एक वेल. तिची पानं आणि कोवळे डिरे पाण्यात उकळून, तो अर्क आटवून त्याच्या वड्या पाडत. त्या वड्या विड्यात घालत, त्यांनी कापड रंगवत, चामडं कमावत. ओळखीचं वाटतंय ना? हा कातच की! झाड वेगळं, पण आतलं द्रव्य तेच कॅटेचिन, आणि काढायची रीतही तीच. उकळायचं, आटवायचं, वड्या पाडायच्या.

सर स्टॅम्फर्ड रॅफल्स १८१९ मध्ये सिंगापूरला आले, त्याच्या आधीपासून या बेटावर गंबीरचे मळे होते. पुढे ब्रिटनमधल्या चामड्याच्या आणि कापडाच्या कारखान्यांकडून मागणी वाढली, तसे मळे बेटभर पसरले. शेतकरी हुशार होते. उकळून उरलेला गंबीरचा चोथा ते मिरीच्या वेलांना खत म्हणून घालत.

पण एक अडचण होती. गंबीर उकळायला मोठी कढई लागते, आणि कढईखाली रात्रंदिवस जाळ लागतो. जाळाला सरपण लागतं. ते कुठून आणायचं? मळ्याशेजारच्या जंगलातून. म्हणजे मळा लावायला जंगल तोडलं, आणि मळ्यातलं पीक उकळायला पुन्हा जंगल तोडलं. त्यात गंबीर जमिनीचा कस फार ओढतो. पंधरा-वीस वर्षांत जमीन थकायची, आजूबाजूचं सरपणही संपायचं. मग मळेवाले पुढे सरकायचे आणि नवं जंगल तोडायचे. जंगलात राहणारे वाघ मळ्यांत येऊ लागले आणि कितीतरी मजुरांचा जीव गेला. शेवटी पुष्कळ मळेवाले समुद्रापलीकडे जोहोरला गेले.

१८८३ मध्ये नॅथॅनियल कँटली यांनी इथल्या जंगलांचा अहवाल लिहिला, तोपर्यंत बेटावरचं बहुतेक मूळ जंगल संपलं होतं. त्यानंतर बुकिट तिमासारखी काही जंगलं राखीव झाली. आज आपण बुकिट तिमाला फिरायला जातो, ते त्या उरलेल्या तुकड्यात.

त्या जंगलात कोणकोणती झाडं होती? एकाचं नाव तर तुम्ही रोज ऐकता. क्रांजी! चोआ चू कांगच्या उत्तरेला क्रांजी स्टेशन आहे, क्रांजीचा जलाशय आहे. हे नाव केरांजी नावाच्या झाडावरून आलंय. झाड विरळ झालं, पण स्टेशनाच्या पाटीवर त्याचं नाव राहिलं.

नाव राहिलं, काम गेलं

आता पुन्हा कोकणात जाऊ. खैरापासून कात काढायचं काम पिढ्यान् पिढ्या कोण करत होतं? कातकरी समाज. 'कात करणारे ते कातकरी'. रायगड, ठाणे, पालघर, रत्नागिरी या जिल्ह्यांत हा आदिवासी समाज राहतो. थंडीच्या दिवसांत जंगलात मुक्काम करायचा, खैर निवडायचा, ढलप्या करायच्या, मडक्यांत उकळायच्या. कुठल्या खैराचा गाभा भरलाय आणि कुठला अजून कोवळा आहे, हे त्यांना बघून कळायचं.

इंग्रजांच्या काळात १८७८ चा जंगल कायदा आला. जंगल सरकारचं झालं, आणि खैर तोडणं गुन्हा ठरू लागलं. ज्यांच्या नावातच कात होता, त्यांच्या हातून कात गेला. मग पुष्कळ कुटुंबं कोळसा पाडायच्या कामाला लागली, पुढे वीटभट्ट्यांवर गेली. आजही अनेक कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की घर सोडून वीटभट्टीवर जातात, आणि त्यांच्या मुलांची शाळा मध्येच सुटते. महाराष्ट्रातल्या ज्या तीन आदिवासी समाजांना सरकारनं विशेष दुर्बळ मानलंय, त्यांत कातकरी आहेत. दुसरे दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड.

मग खैर तोडायला बंदी नकोच होती का? प्रश्न इतका सोपा नाही. खैराला भाव चांगला मिळतो, म्हणून त्याची चोरटी तोडही होते. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार स्वतःच्या जमिनीतला खैर तोडायलाही परवानगी लागते. झाड वाचवायला नियम हवाच. पण नियम करताना झाडावर जगणाऱ्या माणसांचा विचार कुणी केला होता का? आणि चोआ चू कांगचं जंगल कढईखाली जळत होतं, तेव्हा नियम जवळजवळ नव्हतेच, त्याचं काय झालं? या दोन्ही प्रश्नांवर वर्गात बोलूया. उत्तर एकच असेल असं नाही.

दूरदेशीचा एक धडा : ससाफ्रास

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात ससाफ्रास नावाचं झाड आहे. ते दालचिनी आणि तमालपत्राच्या कुळातलं. त्याची ओळख मजेदार आहे. एकाच झाडावर तीन आकारांची पानं दिसतात : एक साधं लंबगोल, एक अंगठा असलेल्या हातमोज्यासारखं, आणि एक तीन बोटांचं. साल खरवडली की गोड, मसालेदार वास येतो. त्याचं लाकूड हलकं. ते पटकन पेटतं, तडतडतं आणि लवकर संपतं. म्हणजे खैराच्या अगदी उलट!

त्याच्या मुळांचा लोक चहा करत, 'रूट बिअर' नावाच्या पेयालाही त्याचीच चव असे. पण त्यातल्या सॅफ्रोल या द्रव्यानं उंदरांच्या यकृताला कॅन्सर होतो असं दिसलं, आणि १९६० मध्ये अमेरिकेनं ते खाण्यापिण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली. वास छान आला म्हणजे वस्तू खायला चांगली, असं समजायचं नाही, हा त्यातला धडा.

तुमच्यासाठी दोन नियम

सिंगापूरच्या उद्यानात झाडाची फांदी, पान, फूल तोडायला परवानगी नाही, आणि उघड्यावर कचरा किंवा लाकूड जाळायलाही नाही. तेव्हा आपला अभ्यास डोळ्यांनी करायचा. तोडायचं काही नाही, पेटवायचं काही नाही. आणि न ओळखलेलं लाकूड, साल किंवा बी तोंडात घालायची नाही.

शब्दार्थ

सरपण – चुलीत जाळायचं लाकूड
ओंडका – झाडाच्या खोडाचा मोठा तुकडा
गाभा – आतला, मधला भाग
ढलपी – लाकडाचा तासून काढलेला लहान, चपटा तुकडा
आटवणे – उकळून पाणी कमी करणे
डिरा – कोवळा शेंडा, नवा फुटवा
चोथा – रस काढून झाल्यावर उरलेला भाग
कस – जमिनीची ताकद
समिधा – होमात घालायची लाकडं

भाषेची गंमत

'खैर' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी येतो. एक म्हणजे झाड, जो संस्कृत 'खदिर'वरून आला. दुसरा "आता तुझी खैर नाही!" या वाक्यातला. हा अरबीतून आलेला शब्द आहे, त्याचा अर्थ भलं, क्षेम. दोन्हींचा उच्चार सारखा, पण घराणी वेगळी. आणखी एक फरक : झाड पुल्लिंगी आहे, 'तो खैर'. दुसरा शब्द स्त्रीलिंगी आहे, 'ती खैर'.

म्हण : "सुक्याबरोबर ओलंही जळतं." अर्थ : दोषी माणसाबरोबर कधी कधी निर्दोष माणसालाही भोगावं लागतं. पाठ वाचल्यावर आता सांगा, या म्हणीत 'ओलं' लाकूडच का घेतलं असेल?

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरं लिहा.
(अ) खैराचे आणि बाभळीचे काटे यांत काय फरक आहे?
(आ) कात खैराच्या कुठल्या भागापासून काढतात?
(इ) 'चोआ चू कांग' या नावाचा अर्थ काय?
(ई) क्रांजी हे नाव कशावरून आलं?

२. तीन-चार वाक्यांत लिहा.
(अ) कात आणि गंबीर यांत सारखं काय आणि वेगळं काय?
(आ) गंबीरच्या मळ्यांमुळे जंगल दोन प्रकारे कमी झालं. कसं?

३. योग्य शब्द निवडा. (निखारा, गाभा, सरपण, ढलप्या)
(अ) पावसाआधी आजोबा ______ फोडून ठेवत.
(आ) लाकूड जळून गेलं, तरी ______ धगधगत होता.
(इ) कात काढायला आधी गाभ्याच्या ______ करतात.
(ई) खैराचा ______ गडद तांबडा असतो.

४. घरी विचारा. आजी-आजोबांना किंवा गावाकडच्या कुणाला फोन करा आणि विचारा : "तुमच्याकडे चुलीत कुठलं लाकूड घालत होता? कुठलं लाकूड मुद्दाम जाळत नव्हता, आणि का?" ते जसं बोलतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कुठलीही बोली चालेल. शब्द दुरुस्त करू नका.

५. बघून या. तुमच्या ब्लॉकजवळचं एक झाड निवडा. काटे, साल, पान, फूल किंवा शेंग अशा चार खुणा लिहा आणि चित्र काढा. नाव माहीत नसलं तरी चालेल. पुढच्या तासाला सगळ्यांनी मिळून ते शोधू. आजीसारखं, एक खूण जुळली म्हणून थांबायचं नाही, बरं का!